जावयाची डिकी

बहरीनमध्ये कायदा कोण चालवतं, असं मला कुणी विचारलं तर मी बेधडक सांगेन, की माझ्या बायकोचे मामा. पोलीस, कोर्ट, मंत्री वगैरे मंडळी आहेत, नाही असं नाही. पण ती दिवसाचे आठ तास ड्यूटी करणार, सुट्ट्या घेणार. मामांना सुट्टी नव्हती. मालवणाकडचं एक खेडं सोडून ते तरुणपणी इथे आले, एका केटरिंग कंपनीची व्हॅन चालवायला लागले, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतःही कायदा मोडला नाही आणि जवळपास फिरकणाऱ्या एकाही मराठी माणसाला मोडू दिला नाही. पिवळा दिवा दिसला की मामा थांबत. हिरवा दिसला तरी पिवळा होईल म्हणून थांबत, हे त्यांच्यामागे गाडी चालवलेल्या कुणालाही विचारा.

पण मामांचा खरा जीव होता तो दारूच्या कायद्यावर. इथे दारूला बंदी नाही. आपल्यासारख्याला दुकानात मिळते, हॉटेलात मिळते, घरी आणून प्यायला कुणी हरकत घेत नाही. मात्र रस्त्यावर, मैदानात, गाडीत, चारचौघांत प्यायलात किंवा पिऊन झुललात, तर खलास. मामा स्वतः गुरुवारी संध्याकाळी एक पेग घेत. एकच. पण तो घेण्याआधीची तयारी बघायला पाहिजे होती! आमच्याच बिल्डिंगमध्ये, गुदैबियाला, खालच्या मजल्यावर ते गावच्या दोघांबरोबर राहायचे. आधी दाराला कडी, मग खिडक्यांचे पडदे, मग बाल्कनीचं दार. बाल्कनीत बसून पिण्याला त्यांचा सक्त विरोध. "बाल्कनी आपली," ते मला समजावत, "पण हवा सरकारची. जावयबापू, वास रस्त्यार जाता." आणि पेग एकदा पोटात गेला की सकाळपर्यंत मामा घराचा उंबरठा ओलांडत नसत. कचऱ्याची पिशवीसुद्धा दुसऱ्याने टाकायची.

हे मी तिखटमीठ लावून सांगतोय असं वाटत असेल, तर नाताळातली गोष्ट ऐका. आमच्या शेजारी वसईच्या सिल्वियाताई राहतात, हॉस्पिटलात नर्स आहेत. त्यांनी महिनाभर रममध्ये मनुका भिजवून केक केला आणि शुक्रवारी क्रिकेटच्या मैदानावर पोरांना वाटायला आणला. मामांनी डब्याचं झाकण उघडलं, नाक आत घातलं आणि झाकण लावलं. "ताई, केक घराक न्या. हो केक पब्लिकमधे खावक जमाचो नाय." सिल्वियाताई चिडल्या, हसल्या, शेवटी केक आमच्या घरी आला. तिथे, चार भिंतींच्या आत, मामांनी त्याचे तीन मोठे तुकडे हाणले. नेमका त्याच वेळी कुणाचा तरी पापड जळला आणि बिल्डिंगचा आगीचा भोंगा वाजायला लागला. सगळी बिल्डिंग रस्त्यावर. मामा आमच्या दारात उभे, आतल्या बाजूला. केरळचा वॉचमन धापा टाकत वर आला, "अंकल, यल्ला, नीचे आओ!" मामा म्हणाले, "नहीं आएगा. पेट में रम है." भोंगा बंद होईपर्यंत ते हलले नाहीत. जळून मरणं त्यांना चाललं असतं. रम पोटात घेऊन रस्त्यावर सापडणं नाही.

आता त्या मैदानाचं सांगतो, कारण मामांचा सगळा प्राण तिथे अडकलेला होता. बुसैतीनला समुद्राच्या बाजूला एक मोकळी जागा आहे. मालक मुहर्रकचा एक म्हातारा अरब, त्याला सगळे अरबाब, म्हणजे मालक, म्हणतात. दर शुक्रवारी सकाळी आपली पोरं, म्हणजे एसी मेकॅनिक, गवंडी, ड्रायव्हर, वेटर, तिथे टेनिस बॉलचं क्रिकेट खेळतात. बाजूला गाड्या रांगेने लावायच्या, डिक्या उघडायच्या आणि डिकीतच संसार मांडायचा: वडे, मटण, कांदा, लिंबं, चहाचा थर्मास. आठवडाभर खोलीत सहा-सहा जण झोपणाऱ्या पोरांना पाय पसरायला तेवढी एकच जागा. अरबाब भाडं घेत नाही. त्याची अट एकच, "शराब मफी," म्हणजे दारू अजिबात नाही. एक बाटली दिसली की मैदान बंद. ह्या अटीवर छातीला हात लावून शब्द दिला होता मामांनी, आणि अरबाब फक्त मामांनाच ओळखायचा.

म्हणून मामा पहाटे पहिले हजर. वाटेवर खुर्ची टाकायची आणि येणारी प्रत्येक गाडी थांबवायची. "खाली उतर. आ कर बघया." मग ते तोंड हुंगत. डिकी उघडून कोल्ड्रिंकच्या बाटल्यांची बुचं हलवून बघत. एकदा माझ्या ऑफिसातले साहेब, पुण्याचे, हौसेने मॅच बघायला आले. त्यांनी सकाळी माउथवॉशने गुळणी केली होती. मामांनी त्यांना "वायच वारो घेवा" म्हणून समुद्राकडे तोंड करून उभं केलं, चांगलं अर्धा तास. साहेब अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात.

ह्या तपासणीतून सुटलेली गाडी एकच, ती म्हणजे माझी. मी साताऱ्याचा, पण घरचा जावई. जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याला कोण हात लावणार? माझी गाडी दिसली की मामा खुर्चीतून उठत, टोपी सरळ करत आणि "येवा जावयबापू" म्हणून वाट मोकळी करत. मी एकदा म्हटलं, मामा, माझीही बघा की. त्यांनी कानाला हात लावले. "जावयाची झडती घेतलंय तर भैणीच्या घरात माका पाणी मिळाचा नाय."

तर अशा ह्या मामांच्या कंपनीने गेल्या वर्षी, वय झालं म्हणून, त्यांचा व्हिसा संपवायचं ठरवलं. टूर्नामेंटची फायनल झाली की आठवड्याभरात मामा कायमचे गावी. ही बातमी अरबाबाच्या कानावर गेली. तो म्हणाला, फायनलला मी येतो, बघतो, मग पुढचं ठरवू. पोरं एकमेकांना विचारायला लागली. मामा जाणार, मग शब्द कुणाचा? आणि त्यातून फायनल होती मामांच्या गावच्या टीमची, आमच्या साताऱ्याच्या टीमशी. गाववाले सलग दोन वर्षं फायनल हरले होते, त्याचं कारण त्यांच्या मते स्वच्छ होतं: मैदानाच्या राखणदाराला, म्हणजे ती जागा राखणाऱ्या देवाला, त्याचा मान मिळाला नव्हता. कोकणात कुठलंही काम काढताना राखणदाराला गाऱ्हाणं घालतात आणि बुचभर दारू ठेवतात. इथे गाऱ्हाणं झालं, नारळ झाला, पण बुच नाही. राखणदार चिडणार नाही तर काय करणार!

गाववाल्यांचा कॅप्टन संतोष एसीचं काम करतो, डोक्याने तल्लख. तो मामांना म्हणाला, "मामा, बुचभर. फक्त बुचभर. कोणाक दिसाचा नाय."

"देवाक येक कायदो नि माणसाक येक, असा खय असता?" मामा म्हणाले. पण त्या रात्री ते आमच्याकडे नीट जेवले नाहीत. राखणदारावर त्यांची श्रद्धा संतोषच्या दसपट होती. एकीकडे अरबाबाला दिलेला शब्द, दुसरीकडे राखणदार, मधे हे बिचारे भात चिवडत बसलेले. माझ्या बायकोला रडू आलं ते बघून.

फायनलच्या सकाळी संतोषने माझ्या डिकीत किटची बॅग टाकली. त्याच्या गाडीत जागा नाही म्हणाला. मी म्हटलं, टाक बाबा, साताऱ्याचा मोठेपणा बघ. बुसैतीनला पोचलो. मामा खुर्चीतून उठले, टोपी सरळ केली, आणि वाटेच्या मधोमध येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"जावयबापू, वायच खाली उतरा. डिकी उघडा. आज येकव गाडी सोडूची नाय."

आजूबाजूची पोरं गाडीभोवती जमली. मी उतरलो. माझ्याकडे बघवत नव्हतं मामांना. बॅग उघडली. पॅड, बॅट, विकेटकीपरचे ग्लव्हज. उजव्या ग्लव्हजमध्ये दारूची क्वार्टर, सीलबंद.

"ह्यां कोणाचा?"

संतोष मान खाली घालून पुढे आला. "राखणदाराचा," म्हणाला. "दोन वर्सां हरतों, मामा. तुमी चलल्यात. जिंकान तुमका कप देवचो होतो."

मामा खेकसतील असं मला वाटलं. ते खेकसले नाहीत. संतोषच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "माका हरूक बरा वाटता काय रे झीला? पण कप मी गावाक नेतलंय. मैदान तुमका हयसर व्हया." मग माझ्याकडे वळून, "जावयबापू, माफी करा. ही घराक ठेवन येवा." मी गाडी वळवली. शुक्रवारी सकाळी रस्ते मोकळे असतात. पूल ओलांडून गुदैबिया, बाटली फडताळात, आणि उलट पावली परत. माझ्यासाठी टॉस थांबवून ठेवला होता. दहाव्या ग्रहाला एवढा मान तरी मिळालाच पाहिजे.

मग मामांनी चपला काढल्या, नारळ हातात घेतला आणि खेळपट्टीच्या टोकाला उभं राहून गाऱ्हाणं सुरू केलं. मागे सगळी पोरं.

"बा देवा म्हाराजा! ह्या रानाच्या, ह्या दर्याच्या राखणदारा!"

"होय म्हाराजा!"

"आमी परमुलखातली लेकरां. तुझी बोली आमका येणा नाय, पण तुझो मान आमका ठावक असा!"

"होय म्हाराजा!"

"पण म्हाराजा, हयसरचो कायदो असो की उघड्यार बाटली फोडूची नाय. तू हयसरचोच, तुका आमच्यापेक्षा जास्त ठावक!"

"होय म्हाराजा!" ह्यावेळी सूर जरा दबका होता.

"तेवा तुझो मान आज सांजेक गुदैबियाक, पडदे लावन देतलंव. तू थयसर ये. ह्या पोरांचा मैदान ह्यांच्याकडेच रवांदे. साताऱ्याच्या पोरांकय सांभाळ, आमचो जावय थयलो असा. पण वायच कमी सांभाळ रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" असा काही गजर उठला की साताऱ्याची टीमही त्यात ओरडली.

त्या गजराने पोलिसांची जीप आली. दोन तरुण पोलीस उतरले. सकाळी सकाळी शंभर माणसं एका सुरात ओरडतायत म्हटल्यावर त्यांना दुसरं काय वाटणार? "क्या शोर है? शराब?"

"शराब मफी, सर," मामा म्हणाले. "दुआ है. क्रिकेट का दुआ."

"सब गाड़ी खोलो."

आणि त्याच क्षणी अरबाबाची पांढरी गाडीही आत शिरली. पोलीस एकेक डिकी बघत चालले, मामा शेजारी, मागून अरबाब काठी टेकत. सोलकढीच्या बाटलीला पोलिसाने नाक लावलं आणि लसणीच्या वासाने मागे सरला. माझ्या डिकीपाशी तो सगळ्यात जास्त वेळ थांबला. किटची बॅग उघडली, ग्लव्हजसुद्धा उलटे करून झटकले. काही नाही! संतोष माझ्या शेजारी उभा होता, त्याने माझा हात असा दाबला की घड्याळ रुतलं. पोलीस हसला, म्हणाला, "खलास. अच्छा लोग. यल्ला, खेलो!" आणि जीप घेऊन जायचं सोडून ते दोघे बॉनेटवर बसून मॅच बघायला लागले.

मॅच काय वर्णावी! शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या आणि संतोषने असा फटका हाणला की चेंडू गाड्यांच्या रांगेत घुसून माझ्याच बंपरवर आदळला. पोचा अजून आहे. जीपचा हॉर्न वाजला, पोरांनी मामांना खांद्यावर घेतलं, मी साताऱ्याचा असून बेशरमपणे नाचलो. कप द्यायला अरबाब उठला. कप मामांच्या हातात ठेवून त्याने विचारलं, "तुम जाएगा. फिर कौन?"

मामांनी खांद्यावरूनच माझ्याकडे बोट दाखवलं. "ये. हमारा दामाद. इसका गाड़ी मैं खुद चेक किया." अरबाबाने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि हात पुढे केला. मी छातीला हात लावला. मैदान राहिलं.

संध्याकाळी पडदे लावून राखणदाराला त्याचा मान दिला, आठवड्याने मामा गेले.

आता शुक्रवारी पहाटे मी खुर्ची टाकून बसतो आणि मामांचा फोन येतो. परवा आवाज जरा पडलेला होता. गावात टूर्नामेंट होती, म्हणाले. पोरं स्टेजमागे उघड्यावर प्यायली, मामा सांगायला गेले तर कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्या, घरी जा. "हयसर माझा कोण आयकणा नाय, जावयबापू. माका कोण वळाखताच नाय."

मी म्हटलं, "मामा, इथे गाडी थांबली की पोरं न सांगता खाली उतरतात. नवी आलेली, तुम्हाला न बघितलेलीसुद्धा. विचारलं तर म्हणतात, हे मामांच्या शब्दाचं मैदान आहे." पलीकडून हळूच आलं, "खरां सांगतास?"

"खरं, मामा. आणि तुमची फार आठवण येते हो."

"बरां, बरां. ठेवा फोन, गाडी उभी असात," म्हणाले. गाडी खरंच उभी होती. मी डोळे पुसले. ड्रायव्हर न सांगताच खाली उतरून, आ करून उभा होता.