हलकी काडतुसं

फरीदाबादच्या एका रायफल क्लबमध्ये काडतुसं भरणारे बळवंत लेले त्या सकाळी एका जागी टिकत नव्हते. खांद्याच्या ऑपरेशननंतर क्लबची नेमबाज हेमांगी पहिल्यांदाच आपली जड रायफल चालवणार होती. तिला धक्का कमी बसावा म्हणून त्यांनी काडतुसांत दारू कमी भरली होती. पण ती फारच कमी पडली तर गोळी नळीतच अडकते.

पहिला बार अगदी दबका वाजला. हेमांगी हसली. "काका, बिल्कुल दुखलं नाही."

"दुसरी गोळी झाडू नकोस. रायफल खाली ठेव."

त्यांनी नळी तपासली. गोळी मध्येच रुतली होती. दुसरी झाडली असती तर नळी फुटली असती. बळवंत म्हणाले, "माझा अंदाज चुकला, पोरी."

"मग पुन्हा भरा. मी थांबते."

त्या दिवशी मात्र त्यांनी भरायला घेतलं नाही. उरलेली काडतुसं उकलून त्यांतली दारू काढत ते संध्याकाळपर्यंत बसून राहिले.