परग्रहावरची आंबील

आमच्या घरात येळवशीची आंबील डोक्यावरून शेतात न्यायचा मान मला आयुष्यात एकदा मिळाला. तो एकदाच का मिळाला, हे गावात कोणालाही विचारा, माझ्यापेक्षा रंगवून सांगतील.

मी कळंबच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि उरलेल्या वेळात विज्ञानकथा लिहितो. (प्राचार्यांच्या मते हे उलटं आहे.) विज्ञानकथेबाबत माझं मत ठाम आहे. लेखकाला एकच थाप माफ असते. माणूस परग्रहावर पोचला, ही ती थाप. तिथून पुढं चेंडू किती उंच उडेल, पाणी किती तापल्यावर उकळेल, हे सगळं गणितानंच ठरलं पाहिजे. ग्रह खोटा असला तरी त्यावरचा चहा वाचकाला खरा वाटला पाहिजे.

त्या हिवाळ्यात मी आपल्या भागातली माणसं एका ग्रहावर नेऊन वसवली होती. तिथं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक तृतीयांश, हवेचा दाब पाचवा हिस्सा, प्रत्येकाच्या नाकाला नळी. आणि ही मंडळी तिथंही येळवस करणार होती, कारण आमची माणसं पृथ्वी सोडतील, येळवस सोडणार नाहीत. मार्गशीर्ष संपता संपता अमावस्येला अख्खं घर शेतात जातं, कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करतं, तिच्यात पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतं, मग शेंगा-पालेभाज्यांची घट्ट भज्जी खातं आणि आंबील पितं. आंबील म्हणजे ताकात ज्वारीचं पीठ घालून आंबवलेलं पेय. दिवस कलताना तीच आंबील पिकाभोवती फिरून शिंपडायची. माझ्या ग्रहावर तिचा शिंतोडा तिप्पट लांब जात होता, हे मी काढून ठेवलं होतं.

गाडी अडली ती झाकणापाशी. यानातून बंद भांड्यात आणलेली आंबील त्या विरळ हवेत उघडली तर काय होईल? नुसता फेस येईल की उसळेल? उसळली तर किती? कॉलेजातला निर्वात पंप आवाज भरपूर करतो, हवा मात्र जागच्या जागी ठेवतो. त्यामुळं प्रयोग होईना आणि कथा पुढं सरकेना.

अशात आमचे चुलते आण्णा यांचा गुडघा धरला. आंबील नेण्याचा मान जन्मभर त्यांचा. त्यांनी मला बोलावलं.

"यंदा आंबील तू न्यायची. सांडू नको. बाकी काय बी केलंस तरी चालंल."

काकूंनी मध्येच विचारलं, "ह्येच्या हातात? ह्यो चहाचा कप तरी सरळ आणतो का?"

"शिकलेला माणूस हाय," आण्णा म्हणाले. "आपल्यामागं कुणीतरी न्यायलाच पायजे की."

मला खरोखर भरून आलं. घरात मी वीज गेल्यावर फ्यूज बघण्यापुरता शास्त्रज्ञ होतो. आता माझ्या डोक्यावर घरची आंबील येणार होती. ती नीट पोचली की पुढच्या वर्षापासून मान कायमचा माझा, असं आण्णांनी स्पष्टच सांगितलं.

आदल्या संध्याकाळी काकूंनी आंबिलीची बिंदगी, म्हणजे मातीची घागर, माझ्या ताब्यात दिली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. बाहेरचा दाब कमी करता येत नसेल, तर आतला वाढवावा. फरक पडल्याशी कारण. आंबील आंबते तेव्हा वायू सुटतोच. तो कोंडला की झालं.

मी दुधाचं स्टीलचं कॅन धुऊन आणलं. रबरी कडीचं झाकण, वर दाबून बसणारी पकड, एकदम यानात शोभेल असं. सगळी आंबील त्यात ओतली. वायू कमी पडू नये म्हणून गुळाचा खडा टाकला आणि मुलीनं पावासाठी आणलेलं यीस्टही टाकलं. (चिमूटभर टाकणार होतो. पुडी फाटली.)

बायको दारात उभी होती. "अहो, काय करताय?"

"बिंदगी वाटेत फुटली तर? ह्यात सुरक्षित राहील."

"काकूंना दिसलं तर?"

"वरून घोंगडी असते. कोणाला दिसतंय?"

"मला ह्यातलं काय बी माहीत न्हाय," असं म्हणून ती आत गेली. पुढं चौकशीत तिनं हेच वाक्य जसंच्या तसं वापरलं.

आमच्याकडे डोक्यावरची आंबील घोंगडीनं झाकून नेतात. उबदार घोंगडीखाली यीस्ट कसं कामाला लागतं, हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं. मी मात्र ताठ मानेनं चाललो होतो. ढेकळांतून जाताना डोक्यावर बारीकशी चूं ऐकू आली. मला वाटलं, पाखरू असेल.

कोपीत पूजा मांडली होती. आण्णा नवं धोतर नेसून पांडवांसमोर बसले होते. काकू भज्जीचं पातेलं उघडून नैवेद्य वाढत होत्या. शेजारच्या शेतातले सिद्रामप्पा जेवायला आले होते. मी वाकून आत शिरलो, भांडं खाली ठेवलं आणि घोंगडी काढली.

"बिंदगी कुठं हाय?" काकूंनी विचारलं.

"सांगतो," असं म्हणून मी कॅनवर वाकलो आणि पकड सैल केली.

झाकण माझ्या कपाळाला लागून गेलं. पाठोपाठ आंबील वर गेली, कोपीच्या कडब्याला धडकली आणि तिथून सगळ्यांना सारखी वाटली गेली. पांडवांचा चुना उतरला. आण्णांचं धोतर, काकूंची भज्जी, सिद्रामप्पांच्या मिशा, काहीच सुटलं नाही. आणि खोटं कशाला सांगू, डोळे पुसायच्या आधी मी वर बघून ओली खूण किती उंचीवर आहे ते पाहून घेतलं.

सिद्रामप्पांनी मिशा झटकल्या. "सर, आंबील आणलीय का बोअर पाडलाय?"

कॅनच्या तळाशी तांब्याभर उरली होती. आण्णांनी शांतपणे बोट बुडवून चाखली.

"ह्याला दारूचा वास कशाचा?"

"यीस्ट," मी म्हणालो.

"ते कशाला?"

मग मी सगळं सांगितलं. ग्रह, विरळ हवा, दाबातला फरक. ओल्या कपड्यांनी बसून सगळ्यांनी ऐकून घेतलं. सिद्रामप्पांनी मधल्या मधे ती उरलेली तांब्याभर संपवली आणि अजून आहे का विचारलं.

शेतात शिंपडायला आंबील नव्हती, म्हणून काकू हातात तांब्या घेऊन सिद्रामप्पांच्या कोपीवर मागायला गेल्या. येईल त्याला आंबील पाजणारं आमचं घर, आणि त्या दिवशी काकू दुसऱ्याच्या दारात उभ्या. मला फार वाईट वाटलं. आण्णाच दुखरा गुडघा ओढत पिकाभोवती फिरले. मी मागं निघालो तर म्हणाले, "तू लांबच राहा."

मान परत मिळवायचा तर एकच उपाय होता, प्रयोग वाया गेला नाही हे दाखवणं. कथा पूर्ण केली. आंबिलीचा प्रसंग तर इतका खरा उतरला, की वाचताना माझंच कपाळ दुखायला लागलं. एका रविवारी आण्णांना आणि काकूंना समोर बसवून सगळी कथा वाचून दाखवली. नाकातल्या नळ्या, तिप्पट उड्या, आणि ग्रहावरचा विद्वान शास्त्रज्ञ डोक्यावरून कॅन आणून सगळ्यांदेखत उघडतो ते.

आण्णांनी मन लावून ऐकलं. "पटतंय," ते म्हणाले. "हवाच न्हाय म्हणल्यावर उसळणारच की. माणूस हलका म्हणल्यावर उडणारच."

"मग खरं वाटलं ना सगळं?"

"एक सोडून," ते म्हणाले. "त्या लोकांनी ह्या माणसाच्या डोक्यावर आंबील दिलीच कशी? एवढी खुळी माणसं दुसऱ्या ग्रहावर पोचतील व्हय?"

काकूंनी मान डोलावली. "तेवढं बदल बाबा. कुणाला खरं वाटायचं न्हाय."

मी बदललं. आता माझ्या ग्रहावर आंबील एक म्हातारी काकू नेते आणि शास्त्रज्ञ मिठाची पुडी घेऊन दहा पावलं मागून चालतो. प्रसंग अगदी खात्रीचा झालाय. यंदाच्या येळवशीला मी स्वतः तसंच चालून पाहिलं.