डिकी लागल्याचा आवाज

मला मुळात धीर नाही. चहाला उकळी येईपर्यंत मी गॅसजवळ दोनदा जाऊन येतो. अशा माणसाच्या वाट्याला आमच्या गाडीची बॅटरी आली आणि त्या हिवाळ्यात तिनं मला दोन महिने नाचवलं.

वडिलांना मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी गोंदियाला न्यावं लागतं. चिचगडहून अडीच तास. आठला मशीनवर त्यांचा नंबर असतो. तो चुकला की मशीन दुसऱ्याला देतात. एकदा तसं झालं, तेव्हा त्यांच्या पायांवर सूज चढली, आडवं होताच दम लागायला लागला. दोन दिवस ते उशीला टेकून बसून होते आणि मी अंगणात येरझारा घालत होतो. तेव्हा पहाटे पाचला गाडी सुरू होणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही.

आणि नेमकी ती सुरू होईना. किल्ली फिरवली की नुसतं टक्-टक्. शेजाऱ्यांना उठवायचं, त्यांच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायर जोडायची, मग निघायचं. वडील मफलर गुंडाळून पुढच्या सीटवर बसलेले, समोर बघत, एक शब्द नाही. त्यांच्या वाटचं मी बोलायचो. बायकोवर ओरडायचो, गाडीत मोबाइल चार्जिंगला लावतेस म्हणून. तिनं तो आठवडाभर लावलेलाच नसायचा.

देवरीच्या मिस्त्रीनं गाडी दिवसभर ठेवून घेतली. बॅटरी तिसऱ्या वर्षाची आहे, पण चालेल अजून, असं म्हणाला. बंद गाडीत करंट कुठं खर्च होतो का तेही मोजलं. काही सापडलं नाही.

"गाडीत काही नाही जी," तो म्हणाला. "तुमच्या घरचंच कोणी काही चालू ठेवून राहिलं."

मला ते फार लागलं. घरी आलो आणि रागारागात गाडीतला टेपच उचकटून काढला. चोर सोडून संन्याशाला फाशी. शुक्रवारी पुन्हा टक्-टक्.

मग बायकोनं तांदूळ निवडता निवडता शांतपणे सांगितलं की बुधवारी, शनिवारी गाडी एका किल्लीत लागते, ती रुसते ती फक्त दवाखान्याच्या दिवशी. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नव्हतं, कारण मी ओरडण्यात गुंतलो होतो.

सोमवारी दुपारी मीटर आणून बॉनेट उघडलं. बॅटरीची एक वायर सोडवली आणि मधे मीटर जोडलं. दार न उघडता आतले फ्यूज पुढे काढता यावेत म्हणून एका खिडकीची काच खाली ठेवली, दारं लावली. थोड्या वेळानं आकडा जवळजवळ शून्यावर आला. विश्वास बसेना. स्टुलावर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. पाच वाजता दूध आणायला गेलो. परत आलो तर मीटर एक अँपिअरच्या आसपास दाखवत होतं.

घरात कोणी गाडी चालू केली नव्हती. खिडकीतून हात घालून एकेक फ्यूज काढत गेलो. हॉर्नचा काढला, आकडा तसाच. वायपरचा, तसाच. आतल्या दिव्यांचा काढला आणि आकडा धाडकन खाली आला. फ्यूज परत बसवून चारही दारं तपासली, घट्ट लागलेली. शेवटी डिकीवर तळवा ठेवून दाबलं. ठप्प आवाज करत ती बोटभर आत गेली. ती लागल्यासारखी दिसत होती, पण पुरती लागलीच नव्हती. उघडून बघितलं तर आत वडिलांची थैली होती. चादर, डबा, दवाखान्याची फाइल, आणि वर पेटलेला इवलासा दिवा.

पूर्वी गावात मुक्कामी बस असायची. संध्याकाळी येऊन थांबायची, पहाटे निघायची. जागा हवी तर आदल्या संध्याकाळीच सीटवर थैली ठेवून यायची आणि घरी येऊन निवांत झोपायचं. वडिलांनी आयुष्यभर तेच केलं. आता गाडी घरची, जागा त्यांचीच, तरी थैली आदल्या संध्याकाळी गेलीच पाहिजे. हे रोजच्या बघण्यातलं होतं, म्हणून आम्हाला कोणालाच दिसलं नाही.

ते पडवीत बसले होते. माझा आवाज चढलेलाच होता. "बाबा, डिकी पुरती लागत नाही हे ठाऊक होतं तुम्हाले?"

"होतं," ते म्हणाले. "दोन महिने झाले, माझ्यानं लागत नाही ते. हातात जोर नाही."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

त्यांनी सुया टोचून गाठाळलेल्या हातावर शालीचं टोक ओढून घेतलं. "गाडीची चाबी घेतली तू. थैलीही घेतली असती."

ते खरं होतं. थैली मी ठेवत जाईन, हेच मी म्हणणार होतो.

थैली त्यांच्याकडेच राहिली. आता ते डिकीला पाठ लावतात आणि अंगाचा भार टाकतात; सुरुवातीला ती एकाच धक्क्यात लागायची. मी घरात काहीतरी शोधत असल्याचं सोंग करतो, पण तो ठप्प आवाज येईपर्यंत मला बसवत नाही. दवाखान्यात दर वेळी त्यांचं वजन करतात, तेव्हा मी काट्याकडे बघत नाही.

गेल्या सोमवारी डिकी तिसऱ्या धक्क्याला लागली.