एल निनो अन् सुमनकाकूचं वावर

मित्रहो, आज लाज वाटून राह्यली म्हणून लिहितो.

तिकडं पॅसिफिक समुद्र तापला, एल निनो आला, यंदा पैनगंगेले पाणी कमीच राहीन, असं मीच गावाले पटवलं. पाणी अडवायले पावसाळा सरल्यावर बंधाऱ्यात टाकायच्या फळ्या पोळ्याआधीच टाकायले लावल्या.

आज पहाटे वरच्या अंगाले धो-धो पाऊस झाला. फळ्या निघेनात. पाण्यानं काठ फोडला अन् सुमनकाकूची सोयाबीन मातीसकट नेली.

काकू एवढंच म्हणाली, "तुहा समुद्र हाच होय ना रे? पाह्य, कुठवर आला."

कमी पावसाच्या सालातही एखादा दिवस असा येते, हे मी गावाले सांगितलंच नव्हतं.

उद्या फळ्या काढायले तिच्याच वावरातून जा लागते. सांगा, कसा जाऊ?