जुन्या बुटांनी खिंड गाठली

आमच्या वरच्या मजल्यावरच्या मावशींना हळू बोलताच येत नाही. मनीषनगरात सकाळी त्या फिरायला निघाल्या की गल्लीभर कळतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांना चालण्याचं वेड लागलं, आणि यंदा मला सोबत घेऊन त्या नेपाळचे डोंगर चढायला निघाल्या. पायात तेच झिजलेले बूट.

"नवे घ्या ना, मावशी," मी म्हटलं.

"काहून वं? नवे चावतेत. याईले माह्ये पाय ठाऊक हायेत."

वाटेत भेटेल त्या परदेशी माणसाशी त्या बेधडक वऱ्हाडीत बोलायच्या, आणि तीही माणसं हसून उत्तर द्यायची. खिंडीच्या शेवटच्या चढावर मात्र उजव्या बुटाचा सोल पार उघडला. आमचा गाईड घाबरला.

"आंटी, आप यहीं रुकिए."

खिंड तर समोर दिसत होती.

मावशी दगडावर बसल्या. ओढणी दातांनी फाडून त्यांनी सोल करकचून बांधला आणि उठल्या.

"चाल वं! पाहून काय राहिली?"

मग त्या अशा सुटल्या की मला त्यांच्यामागे पळावं लागलं. वर पोचलो तेव्हा वारा आम्हाला ढकलत होता आणि बर्फाची शिखरं उन्हात झळाळत होती. माझे डोळे भरून आले. मावशी धापा टाकत पलीकडच्या दरीत उतरणारी पायवाट बघत होत्या. त्यांनी गाईडचा दंड धरला.

"अन् ये रस्ता कहाँ जाता गा?"