थाइमचा वास

हिवाळ्यातल्या तापानंतर माझ्या नवऱ्याला कसलाच वास येईनासा झाला. फोडणी करपली तरी कळत नसे. जेवण म्हणजे नुसतं पोट भरणं झालं होतं.

परवा सकाळी तो गच्चीतल्या थाइमची वाळकी पानं काढत होता. हे परदेशी रोप मी निव्वळ उत्सुकतेपोटी आणलं होतं. भरपूर ऊन आणि बेताचं पाणी, एवढ्यावर ते कुंडीभर पसरलं. एकाएकी त्यानं बोटं नाकाशी नेली आणि विचारलं, "अगं, ओवा लावलास का?"

"ओवा नाही, थाइम आहे ते," मी म्हणाले, आणि मग आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो.

मी धावत जाऊन हिंगाची डबी आणली, कॉफी आणली. त्यांचा वास काही आला नाही. मग याच इवल्या पानांनी कशी वाट काढली असेल? आणि समुद्रापलीकडच्या रोपाला आपल्या ओव्याचा वास कुठून आला?

दुपारी आमटीच्या फोडणीत मी थाइमची चिमूटभर पानं टाकली. ताट वाढताच तो वाटीवर वाकला आणि डोळे मिटून कितीतरी वेळ तसाच बसला. "जेव ना, निवेल," असं ओठांवर आलं होतं. मी म्हटलं नाही.