डावा गुडघा आणि भाच्याची कंपनी

माझा डावा गुडघा गेली तीन वर्षं एका सॉफ्टवेअर कंपनीत अडकलाय. उजवाही जाणार होता, थोडक्यात वाचला.

सदतीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून गणित शिकवलं, गुडघे काय लोखंडाचे होते? निवृत्त झाले तेव्हा डॉक्टर म्हणाले, दोन्ही बदलावे लागतील, पण एकेक करू. मी ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत दोन वेगळ्या ठेवींत घातले. एका पावतीच्या पाकिटावर लिहिलं ‘डावा’, दुसऱ्यावर ‘उजवा’. गणिताची बाई आहे, खाती मिसळलेली मला चालत नाहीत.

तेवढ्यात माझ्या थोरल्या भावाच्या मुलाने अंधेरीची चांगली नोकरी सोडली. त्याला म्हणे कंपनी काढायची होती. त्याने ॲप बनवलं. वसईजवळच्या आमच्या सांडोर गावच्या आणि आसपासच्या वाड्यांतली भाजी, केळी, फुलं पहाटे गोळा करायची आणि लोकांच्या दारात पोचवायची. कुठल्या वाडीत उद्या काय काढायचं, कुणाला काय लागेल, हे सगळं त्याचं सॉफ्टवेअर आदल्या दिवशी सांगणार. कल्पना मला आवडली. मुलगा तर लहानपणापासून आवडता, अपूर्णांक मीच शिकवलेले. पहिल्या फेरीत दादाने पैसे घातले, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या आतेभावाने घातले आणि मी डावं पाकीट उघडलं.

कंपनी जी सुटली म्हणता! रविवारी मिस्सा संपली की चर्चच्या आवारात लोक दादाला गाठून सांगायचे, “आज पण मागवलं हां तुमच्या पोराकडून.” दादाची छाती शर्टाची बटणं तोडेल असं वाटायचं. मीसुद्धा रोज मागवायचे. आत्याने नाही मागवायचं तर कुणी?

तीन वर्षांनी, आमचा उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या आधीच्या रविवारी, भाच्याने आम्हा गुंतवणूकदारांना दादाच्या ओटीवर बोलावलं. गुंतवणूकदार म्हणजे आम्ही तिघंच. वहिनी चहा आणि वेलची केळी घेऊन चौथी बसली. टीव्ही बाहेर आणला होता. त्यावर एक रेघ डावीकडून उजवीकडे चढत गेली आणि वरच्या कोपऱ्यातून बाहेर पडायच्या बेतात थांबली.

“ही ऑर्डरींची संख्या,” भाचा म्हणाला.

“आणि नफा?” आतेभावाने विचारलं.

“तो पुढच्या स्लाईडवर.”

पुढच्या स्लाईडवरची रेघ खाली जात होती. ती त्याने फार वेळ ठेवली नाही.

मुद्दा असा होता. मुंबईच्या एका गुंतवणूक फंडाला कंपनीत रस होता, पण त्यांची अट होती की जुन्या गुंतवणूकदारांनीही पुन्हा पैसे घालावेत, म्हणजे घरच्यांचा विश्वास दिसेल. उत्तर ईस्टरनंतर द्यायचं होतं. भाचा माझ्याकडे बघत नव्हता, पण मला कळत होतं की माझं उजवं पाकीट त्या ओटीवर येऊन बसलंय.

आतेभाऊ पेटला. “दर ऑर्डरीमागे तोटा, आणि ऑर्डरी वाढतायत. म्हणजे तोटाच वाढतोय! माझ्या ब्रँचला असा माणूस कर्ज मागायला आला असता तर मी त्याला पाणी पाजून परत पाठवला असता.”

दादा म्हणाला, “तुला वाडीतलं काय कळतं? केळ लावली की दुसऱ्या दिवशी घड लागतो का? आधी पानंच फुटतात.”

“तीन वर्षं नुसती पानं? अशी केळ तू ठेवशील वाडीत?”

दादाने ताटलीतलं एक केळं सोलायला घेतलं. अशी केळ त्याने कधीच ठेवली नव्हती.

“काका, आत्ता नफा बघायचा नसतो,” भाचा म्हणाला. “आधी लोकांना सवय लावायची. कूपन द्यायचं, डिलिव्हरी फुकट द्यायची. एकदा सवय लागली की कूपन काढायचं.”

“आणि कूपन काढल्यावर लोक गेले तर?”

“जाणार नाहीत. आपले लोक फार लॉयल आहेत. सांडोरमध्ये एक घर असं नाही जे मागवत नाही.”

वहिनीने मान डोलावली आणि एकदम आत चहाचे कप ठेवायला गेली. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

दोन्ही बाजू मला पटत होत्या, म्हणजे माझी पंचाईतच. मी म्हटलं, विचार करून सांगते. खरं सांगायचं तर घरी येईपर्यंत मी मनातून पाकीट देऊनही टाकलं होतं. आणखी एका गुडघ्यावाचून कुणाचं काय अडलंय, असा विचारसुद्धा करून झाला.

सोमवारी सकाळी माझी ऑर्डर आली. खोका उघडला, वर पालकाची जुडी. मी जुडी हातात घेतली आणि तशीच खुर्चीत बसले.

आमच्याकडे जुडी केळीच्या वाळलेल्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या सालीने बांधतात, आणि प्रत्येक घराची गाठ वेगळी. बाजारात जुड्या मिसळल्या तरी आपला माल आपल्याला ओळखता यावा म्हणून जुन्या लोकांनी लावून दिलेली ही सवय. आमच्या बाबांची गाठ दोन वेढ्यांची, टोक आत खोचलेलं. दादा तशीच बांधतो. ही जुडी दादाची होती. दादाची वाडी माझ्या घरापासून दोनशे पावलांवर, माझ्या गुडघ्यांनी तीनशे. तो पालक पहाटे गाडीत बसून वसईच्या गोदामात गेला होता. तिथे त्याचं वजन झालं, त्याच्यावर चिकटपट्टी लागली आणि तो परत माझ्या दारात आला, कूपन लावून, दादाला दिलेल्या भावापेक्षा स्वस्तात.

मी जुडी घेऊन तडक दादाकडे निघाले. फाटकाशी बघते तर तीच गाडी उभी, आणि वहिनी खोका घेतेय. खोक्यातून गवती चहाची जुडी डोकावत होती. तिच्यावर माझी गाठ! माझ्या परसातला गवती चहा, मी दोन दिवसांपूर्वी कंपनीला विकलेला.

आम्ही नणंद-भावजय रस्त्यात एकमेकींची भाजी धरून उभ्या राहिलो.

“किती वेळा मागवतेस गं?” मी विचारलं.

“दिवसातून दोनदा.” मग खाली बघून म्हणाली, “माझ्या फोनवरून. बहिणीचा फोन आहे, त्याच्यावरूनही. आणि शेजारणीचा.”

“अगं बाई! एवढ्या भाजीचं करतेस काय?”

“वाटते. पोरगं दिवसभर तो आलेख बघत बसतं गं. वर गेला की जेवतं नीट.”

आतेभावाला फोन लावला. कर्जदारांना पाणी पाजणारा हा माणूस! आधी उडवाउडवी केली, मग कबूल केलं. कोथिंबिरीची ऑर्डर वेगळी, मिरच्यांची वेगळी, लिंबाची वेगळी, कारण कूपन प्रत्येक ऑर्डरीला लागतं. “मी विरोध कंपनीला करतो, पोराला थोडाच करतो?” असं वर मलाच ऐकवलं.

तर ही आमची वाढ. अख्ख्या गावाने प्रेमाने त्या पोराला खड्ड्यात घातलं होतं. दर ऑर्डरीला त्याचे पैसे जात होते, आणि त्यातले काही माझ्याच डाव्या गुडघ्याचे होते. मला हसू येत होतं आणि रडूही. वर्गात एखादा पोरगा चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर आणायचा तेव्हा मी उत्तर खोडायचे. इथे कसं खोडू?

पण खोडलं. भाच्याला बोलावून दोन्ही जुड्या समोर ठेवल्या. तो गाठींकडे बघत राहिला. मग चिडला. “ओळखीचे असलात म्हणून काय झालं? ग्राहक तो ग्राहक, आत्या!”

मी म्हटलं, “ठीक. परवा राखेचा बुधवार. उपवासकाळात कुणी मटण सोडतं, कुणी गोड सोडतं. यंदा सांडोर तुझं ॲप सोडेल. चाळीस दिवसांनी, ईस्टरला, जे उरतील ते तुझे ग्राहक. मग मी पाकिटाचं सांगते.”

वहिनी माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पण गावात निरोप गेला, आणि आमच्या गावात असला निरोप वाऱ्यासारखा फिरतो. लोकांनी ॲप सोडलं. आतेभाऊ दर रविवारी भेटून सांगायचा, “मटण सोडणं परवडलं बाई, कढीपत्त्यासाठी चालत जावं लागतं!” भाच्याची रेघ मात्र धाडकन पडली. तो माझ्याकडे आला की नुसता बसून राहायचा, चहा गार व्हायचा. त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. एकदा तर मी खोका भरला, म्हणजे फोनवर, पालक आणि दोन दुधी, आणि बटणापर्यंत बोट नेलं. परत सगळं काढून टाकलं. विद्यार्थ्याला परीक्षेत उत्तर सांगण्याचा मोह मला आयुष्यात तेवढा एकदाच झाला.

ईस्टरच्या दुपारी तो आला. “हॅपी ईस्टर, आत्या,” म्हणाला आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. वाळला होता, पण नजर स्थिर होती.

“किती उरले?”

“एकशे बारा. मीरा रोड, भाईंदर, थोडे बोरिवलीचे. ओळखीचं एकही नाही.”

“कूपन?”

“दोन आठवड्यांपूर्वी काढून टाकलं. तरी आहेत. त्यांना आपला पालक तीन दिवस टिकतो याचंच कौतुक. एका ऑर्डरीमागे अकरा रुपये सुटतात.” अकरा म्हणताना तो लाजला.

“आणि फंडवाले?”

“त्यांना मी खरं सांगितलं. आधीची वाढ घरच्यांची होती म्हटलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मग फोनच आला नाही. गोदाम सोडतोय. आता दादांच्या गोठ्याच्या जागेत.” बापाला तो आमच्यासारखं दादाच म्हणतो.

मी उठले, गुडघे कुरकुरले, कपाट उघडलं आणि उजवं पाकीट त्याच्यापुढे ठेवलं. चढत्या रेघेला द्यायला मी घाबरत होते. एकशे बारा अनोळखी माणसांना द्यायला मला अजिबात भीती वाटत नव्हती. “घे,” म्हटलं, “आता देते.”

त्याने पाकिटावरचं माझं अक्षर वाचलं. मग पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं. “नको, आत्या. एवढ्याशा कंपनीला एवढे लागत नाहीत. तू ऑपरेशन करून घे.”

मी चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. म्हटलं, “गाढवा, चहा पी, गार होतोय.”

उजवा गुडघा मे महिन्यात झाला. टाके काढायच्या दिवशी भाचाच मला घेऊन गेला, भाजीच्या गाडीतून, पुढच्या सीटवर. डॉक्टरांनी पाय वाकवून बघितला, खूश झाले आणि कागदावर लिहिता लिहिता म्हणाले, “छान. मग डाव्याचं कधी करायचं?”

मी काही बोलायच्या आत भाचा म्हणाला, “डावा माझ्याकडे आहे, डॉक्टर. मी देणार आहे. थोडा वेळ लागेल.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आधी त्याच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.